एकच शब्द : कर्जही आणि दोषही

हातात निवडायची भाजी असेल तर ती तशीच राहू द्या, ऐकता ऐकता काम होईल. आज इतिहासाची गोष्ट आहे ती दूरच्या जर्मनी देशातली. पण तिच्यात कर्ज आहे, हप्ता आहे, हुंडा आहे, बटाट्याचं बुडालेलं पीक आहे आणि काडीमोडही आहे. त्यामुळे ती आपल्याला फार परकी वाटणार नाही.

ही गोष्ट शब्दांची आहे. कागदावर अक्षरं अगदी सारखी, पण अर्थ निराळे, अशा शब्दांची. शब्दांचा खेळ म्हणून त्यात मजा आहेच. पण असा एखादा शब्द कोर्टात, बँकेत किंवा घरात वापरला जातो, तेव्हा त्याचा कुठला अर्थ धरायचा यावर माणसाचं आयुष्य ठरतं. बायकांचं तर जास्तच.

आधी आपल्या मराठीत बघू. 'हार' हा शब्द घ्या. तो हार गळ्यात पडतो, ती हार निवडणुकीत होते. 'मान' घ्या. तो मान पाहुण्याला देतात, ती मान दुखते. 'नाव' घ्या. ती नाव पाण्यात चालते, ते नाव सातबाऱ्यावर लागतं, किंवा लागत नाही. अक्षर न् अक्षर तेच, पण तो, ती, ते एवढ्यावरून आपल्याला अर्थ कळतो. कुणी शिकवावं लागत नाही.

जर्मन भाषेतही असंच आहे. तिथेही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. तो, ती, ते तसं डेर, डी, डास. 'झे' असा एक शब्द आहे. 'डेर झे' म्हणजे तळं आणि 'डी झे' म्हणजे समुद्र. 'लायटर' असा दुसरा शब्द. 'डेर लायटर' म्हणजे प्रमुख, पुढारी. 'डी लायटर' म्हणजे शिडी. आमच्या ओळखीच्या बऱ्याच गटांच्या अध्यक्षा दोन्ही असतात. सभेत प्रमुख आणि एरवी शिडी, बाकीच्या त्यांच्या आधाराने वर चढतात.

काही शब्दांत मात्र लिंगाचीही मदत होत नाही. 'बांक' म्हणजे बसायचा बाक आणि 'बांक' म्हणजे पैशांची बँकही. दोन्ही स्त्रीलिंगी. अनेकवचन केलं की फरक कळतो. पुष्कळ बाक म्हटलं तर 'बेंके', पुष्कळ बँका म्हटलं तर 'बांकेन'. यामागे इतिहास आहे. इटलीतल्या बाजारात सराफ लोक फळी किंवा बाक मांडून त्यावर नाण्यांची अदलाबदल करत. त्या बाकाचा शब्द इटलीने फार पूर्वी जर्मन लोकांच्या बोलीतून घेतलेला होता. त्यावरून पैशांच्या दुकानाला 'बांका' नाव पडलं आणि तोच शब्द पैशांचा अर्थ घेऊन जर्मनीत परत आला. माहेरचीच लेक, पण सासरहून वेगळी होऊन आली म्हणा. पोर्तुगीज भाषेत याच शब्दाचं रूप 'बांकु' आहे. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात आलं, म्हणून कोकणीत आजही बाकाला 'बांक' म्हणतात.

आता 'गिफ्ट' हा शब्द घेऊ. हा आपल्या ओळखीचा आहे. वाढदिवसाला, लग्नाला आपण गिफ्ट देतो. तो इंग्रजी शब्द. जर्मन भाषेत अगदी हीच अक्षरं आहेत, पण 'डास गिफ्ट' म्हणजे विष. उंदराच्या औषधाच्या डब्यावर, फवारणीच्या बाटलीवर हा शब्द लिहिलेला असतो.

पूर्वी असं नव्हतं. 'देणे' या अर्थाच्या क्रियापदापासूनच जर्मनांचाही 'गिफ्ट' शब्द झाला. तेव्हा तो स्त्रीलिंगी होता आणि त्याचा अर्थ होता देणगी, दिलेली वस्तू. मग हळूहळू विष देण्याबद्दल लोक आडून बोलू लागले. त्याला विष दिलं असं न म्हणता 'काहीतरी दिलं' म्हणायचे. आपल्याकडेही 'तिला काहीतरी दिलं असेल' असं कुजबुजत म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. असं होता होता आडून बोललेला अर्थ पुढे आला आणि देणगीचा अर्थ मागे पडला. आज जर्मनीत 'गिफ्ट'चा देणगी हा अर्थ मोडीत निघाला आहे. तो एकाच जोडशब्दात टिकून राहिला. तो शब्द आहे 'मिटगिफ्ट', म्हणजे सोबत दिलेलं. मुलीच्या सोबत दिलेलं. आपल्या भाषेत हुंडा.

बघा मैत्रिणींनो, त्या भाषेत हुंड्याच्या शब्दात आज विषाची अक्षरं बसलेली आहेत. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, शब्दांच्या प्रवासात घडलेलं आहे. पण आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी त्या देण्याचं विष किती घरांत उतरलं आहे, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

जर्मनीतही मुलीच्या सोबत देणं ही नुसती रूढी नव्हती. १ जानेवारी १९०० पासून तिथे नवा नागरी कायदा लागू झाला. लग्न होणाऱ्या मुलीला संसार मांडण्यापुरतं सामान बापाने द्यावं, असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. या सामानाचा शब्द 'आउसश्टॉयर'. त्यातल्या 'श्टॉयर'चीही गंमत आहे. 'डास श्टॉयर' म्हणजे नावेचं सुकाणू, गाडीचं स्टिअरिंग. 'डी श्टॉयर' म्हणजे सरकारचा कर. फार पूर्वी याच शब्दाचा अर्थ आधार, मदत असा होता. त्या मदतीतून एकीकडे सरकारचा कर निघाला आणि दुसरीकडे मुलीचं संसाराचं सामान. सुकाणू मात्र तिच्या हाती नव्हतं. कारण त्याच कायद्याने लग्नानंतर बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. आउसश्टॉयरची सक्ती आणि नवऱ्याचा हा कारभार, दोन्ही गोष्टी पश्चिम जर्मनीत १९५८ साली समान हक्कांचा कायदा लागू झाल्यावर संपल्या.

इथपर्यंत आपण दाराशी होतो, आता घरात जाऊ. आजच्या गोष्टीचा खरा शब्द आहे 'शुल्ड'. बोलताना जर्मन लोक शेवटी 'ट'सारखा उच्चार करतात, पण आपण लिहिल्याप्रमाणे शुल्डच म्हणू.

शुल्ड म्हणजे कर्ज, देणं. आणि शुल्ड म्हणजे दोष, अपराध. अक्षरं तीच, लिंगही तेच, दोन्ही अर्थी 'डी शुल्ड'. पैशांबद्दल बोलताना बहुतेक वेळा 'शुल्डेन' असं अनेकवचन वापरतात, तेवढीच खूण. 'माझ्यावर शुल्ड आहे' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला आजूबाजूच्या बोलण्यावरून ठरवावं लागतं, की या बाईने पैसे घेतले आहेत की गुन्हा केला आहे.

हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले? शब्दांची अशी मुळं शोधायचं मोठं काम जर्मनीत ग्रिम बंधूंनी सुरू केलं. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम. सिंड्रेला आणि हिमगौरी या गोष्टी पोरांना सांगतो ना आपण, त्या लोकांच्या तोंडून ऐकून छापणारे हेच दोघं. त्यांनी १८३८ साली जर्मन भाषेचा शब्दकोश करायला घेतला. 'फ', म्हणजे त्यांच्या 'एफ' अक्षरापाशी पोचेपर्यंत दोघंही वारले. पुढच्या पिढ्यांनी काम चालू ठेवलं आणि १९६१ साली तो कोश पुरा झाला. १२३ वर्षं लागली आणि ३२ मोठे खंड झाले. शब्दांची मुळं खणणं हे किती चिकाटीचं काम आहे, ते यावरून कळेल.

शुल्डचं मूळ 'असायला हवं, करायला हवं' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेलं आहे. म्हणजे जे देणं लागतं ते शुल्ड. जुन्या जर्मन टोळ्यांच्या रिवाजात कुणी कुणाला मारलं किंवा जखमी केलं, तर त्याच्या घरच्यांना ठरलेली भरपाई द्यावी लागे. ज्याने अपराध केला तो देणं लागला. अपराध आणि देणं यांची गाठ अशी बसली. पुढे चर्चच्या प्रार्थनेतही देवाकडे पापांची माफी मागताना हाच शब्द आला. शतकानुशतकं घराघरांत एकाच शब्दात कर्ज मोजलं गेलं आणि पापही मोजलं गेलं. १८८७ साली फ्रीडरिश नीत्शे या विचारवंताने एका पुस्तकात मांडलं, की माणसाच्या मनातली अपराधाची बोच ही मुळात धनको आणि ऋणको यांच्या व्यवहारातून आलेली आहे.

शब्द एक असला म्हणजे वागणूकही एक होते. ज्याचं कर्ज फिटलं नाही त्याला गुन्हेगारासारखं कोंडायची पद्धत जर्मन शहरांत होती. न्यूर्नबर्ग शहरात पेग्निट्स नदीवर एक जुना दगडी बुरूज अजून उभा आहे. त्याचं नाव 'शुल्डटुर्म', म्हणजे शुल्डचा बुरूज. तिथे कर्जदारांना डांबून ठेवत. पुरुषांसाठी हा बुरूज होता आणि बायकांसाठी वेगळा होता. कोंडलेला माणूस कमावणार कसा आणि कर्ज फेडणार कसा, हा साधा प्रश्न आपल्या गटातली कुणीही विचारेल. पण तिथला कायदा बदलायला फार काळ लागला. उत्तर जर्मनीतल्या राज्यांच्या संघाने १८६८ साली कायदा करून कर्जापायी कैद करणं बंद केलं. कर्ज हा गुन्हा नाही, हे त्या दिवशी कायद्यात लिहिलं गेलं. भाषेत मात्र शब्द एकच राहिला.

याच काळात, याच देशात एक माणूस कर्जाची दुसरी वाट पाडत होता. त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. जन्म १८१८ सालचा. सत्ताविसाव्या वर्षी तो वायरबुश नावाच्या डोंगराळ भागातल्या गावांचा कारभारी, म्हणजे महापौर झाला. आणि लगेच १८४६-४७ चा उपासमारीचा हिवाळा आला. बटाटा रोगाने गेला होता, धान्याचं पीक बुडालं होतं. गोरगरिबांकडे रोख पैसा नव्हता. रायफायझेनने गावातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांकडून पैसा गोळा केला, पीठ आणलं, गावची भट्टी बांधली आणि पाव उधारीवर दिला. पैसे नंतर द्या, म्हणाला.

पुढे १८४९ साली फ्लामर्सफेल्ड गावात त्याने गरीब शेतकऱ्यांसाठी मदत मंडळ काढलं. तिथला त्रास जनावरांचा होता. व्यापारी शेतकऱ्याला गाय उधार द्यायचा, आपल्याकडे अर्धलीने शेळी देतात तशी. गाय शेतकऱ्याच्या गोठ्यात, चारा शेतकऱ्याचा, कष्ट त्याच्या बायकोचे आणि मालकी व्यापाऱ्याची. देणं काही फिटायचं नाही. मंडळाने स्वतः गाई घेऊन शेतकऱ्यांना दिल्या आणि पाच वर्षांत हप्त्यांनी पैसे फेडायला सांगितलं.

पण रायफायझेनच्या एक गोष्ट लक्षात आली. श्रीमंतांनी द्यायचं आणि गरिबांनी घ्यायचं, असं मंडळ फार काळ टिकत नाही. देणाऱ्याचा उत्साह ओसरतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून १८६४ साली हेडेसडॉर्फ इथे त्याने कर्जमंडळ काढलं, तेव्हा नियम बदलला. ज्याला कर्ज हवं त्याने आधी सभासद व्हायचं. सभासद जवळपासच्या गावांतलेच, एकमेकांना ओळखणारे. एकाचं कर्ज थकलं तर सगळे मिळून जबाबदार. कारभाऱ्यांनी पगार घ्यायचा नाही. उरलेला नफा वाटून टाकायचा नाही, अडचणीसाठी गंगाजळीत ठेवायचा. १८६६ साली त्याने हे सगळं एका पुस्तकात मांडलं आणि गावोगाव अशी मंडळं उभी राहू लागली.

या कामात एका बाईचा हात होता, तो विसरू नये. रायफायझेनची नजर अधू होत गेली होती. त्याची मोठी मुलगी अमाली त्याच्याजवळ बसून तो सांगेल ते लिहून घ्यायची, पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहायची. संस्थापक म्हणून पाटीवर नाव त्याचं लागलं. लेखणी मात्र बऱ्याच वेळा अमालीच्या हातात होती. त्या काळी जर्मनीच्या मोठ्या भागात बाईला राजकीय संघटनेची सभासदही होता येत नव्हतं. ती बंदी १९०८ साली उठली.

आता दुसरा शब्द ऐका. ज्याने कर्ज दिलं त्याला जर्मन भाषेत 'ग्लॉयबिगर' म्हणतात. हा शब्द 'विश्वास ठेवणे' यावरून आलेला आहे. 'आइन ग्लॉयबिगर' म्हणजे एक धनको आणि 'आइन ग्लॉयबिगर' म्हणजे देवावर श्रद्धा असलेला एक माणूसही. अक्षरात काही फरक नाही. म्हणजे बघा, पैसे घेणाऱ्याच्या शब्दात दोष बसला आहे आणि पैसे देणाऱ्याच्या शब्दात श्रद्धा. शब्दांनी आधीच न्याय करून टाकला आहे, की देणारा सज्जन आणि घेणारा अपराधी.

रायफायझेनच्या मंडळांनी या मांडणीलाच हात घातला. तिथे आज कर्ज घेणारा सभासद उद्या दुसऱ्याच्या कर्जाला जबाबदार असायचा. शुल्डवालाही तोच आणि विश्वास ठेवणाराही तोच. एकाच माणसाकडे दोन्ही बाजू आल्या. मग कर्जदाराकडे गुन्हेगार म्हणून बघणार कोण? याचा अर्थ कर्ज फेडायचं नाही असा नव्हता. उलट तिथले नियम कडक होते. कर्ज कशासाठी हवं ते विचारलं जाई, जामीन बघितला जाई. पण वसुली ओळखीच्या, बरोबरीच्या माणसांकडून होई.

इथे आपल्या मुलखाचा खरा धागा जुळतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांनी घरं लुटण्यापेक्षा जास्त लक्ष कागदांवर दिलं. कर्जाची खतं, रोखे बाहेर काढले आणि जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पण खतं जाळून किंवा कायदा करून पेरणीला पैसा मिळत नाही. तो कुठून आणायचा, हा प्रश्न राहिलाच. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेती पतसंस्था अभ्यासायला सांगितलं. त्याच्या १८९०च्या दशकातल्या अहवालाने रायफायझेनची पद्धत भारतासाठी सुचवली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. गावातली दहा माणसं एकत्र आली तरी संस्था काढता येईल आणि गावातल्या संस्थेत सगळे मिळून जबाबदार, असं त्यात होतं. हेडेसडॉर्फच्या मंडळाचीच ही छाया.

पुढे १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. एका वस्तीतल्या, ओळखीच्या, दहा-वीस बायका. आधी बचत, मग कर्ज. एकीचा हप्ता थकला तर साऱ्यांना काळजी. वाचताना ओळखीचं वाटतंय ना? फरक एवढाच, की रायफायझेनच्या वेळी वही बहुतेक पुरुषांच्या नावाची होती. आता ती आपल्या नावाची आहे.

शुल्डची गोष्ट अजून संपली नाही. पैशांच्या बाजूने ती मोकळी होत गेली, तरी संसाराच्या बाजूने बायकांना ती फार दिवस भोवली. पश्चिम जर्मनीत घटस्फोट मागितला, की कोर्ट आधी शोधायचं, की शुल्ड कुणाची? दोषी कोण? नवऱ्याची की बायकोची? शेजारीपाजारी साक्षीला यायचे, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर यायच्या. आणि ज्या बाईवर सगळा दोष ठरायचा तिची पोटगी जायची. वीस-वीस वर्षं घर सांभाळलेली बाई रिकाम्या हाताने बाहेर पडायची. १ जुलै १९७७ पासून तिथला कायदा बदलला. आता कोर्ट दोषी कोण ते विचारत नाही. संसार मोडला आहे का, एवढंच बघतं. दोघं राजी असतील तर एक वर्ष वेगळं राहिल्यावर आणि एक राजी नसेल तरी तीन वर्षं वेगळं राहिल्यावर, तो मोडला असं धरतात. पोटगी कुणाला किती लागेल, ते गरजेवरून ठरतं. शुल्ड हा शब्द त्या दारातून बाहेर काढला गेला.

याच्याच जोडीचा आणखी एक शब्द आहे, 'फेर्डीन्स्ट'. 'डेर फेर्डीन्स्ट' म्हणजे कमाई, हाती आलेला पैसा. 'डास फेर्डीन्स्ट' म्हणजे मोठं काम केल्याबद्दलचं श्रेय. बायकांच्या वाट्याला दुसरा फेर्डीन्स्ट भरपूर आला. आई म्हणून, गृहिणी म्हणून गौरव झाला. पहिला मात्र आला नाही. आपण १९५८च्या ज्या कायद्याचं नाव घेतलं, त्याने यातही थोडी दुरुस्ती केली. घर सांभाळणं हाच बायकोचा कुटुंबाच्या पोषणातला वाटा आहे, असं त्यात लिहिलं गेलं. लग्नाच्या काळात दोघांच्या मालमत्तेत जी भर पडली, तिचा हिशेब घटस्फोटाच्या वेळी बरोबरीने करायचा, असंही ठरलं. म्हणजे चुलीपुढच्या कामाचं निदान थोडं मोल कागदावर आलं.

आणि कर्जाचं काय? १ जानेवारी १९९९ पासून जर्मनीत साध्या माणसालाही, कर्ज फेडणं अशक्य झालं तर, कोर्टाच्या मार्गाने सुटका मिळू शकते. ठरलेली काही वर्षं त्याने प्रामाणिकपणे काम करायचं, पोटापुरतं ठेवून वरची कमाई देणेकऱ्यांच्या हिशेबात भरायची आणि मग उरलेलं कर्ज माफ होतं. आधी सहा वर्षं लागत, २०२०च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं लागतात. कर्जात बुडालेल्यांना हिशेब मांडून द्यायला आणि सल्ला द्यायला तिथे केंद्रं आहेत. या सुटकेचं लांबलचक नाव आहे 'रेस्टशुल्डबेफ्रायुंग'. म्हणजे उरलेल्या शुल्डमधून मुक्ती. यातल्या शुल्डचा अर्थ फक्त कर्ज. दोष नाही. शब्द तोच राहिला, पण माणसांनी आणि कायद्यांनी त्याच्यातलं विष थोडं थोडं काढलं. त्याला न्यूर्नबर्गच्या बुरुजापासून शेकडो वर्षं लागली.

आपल्या मराठीत या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ज्याला द्यायचं आहे तो 'देणेकरी'. त्यात दोषाचा वास नाही. आणि 'ऋण' या शब्दात तर उलट गोडवा आहे. ऋण म्हणजे कर्ज आणि ऋण म्हणजे उपकाराची जाणीवही. 'मी तुमची ऋणी आहे' म्हटलं तर कुणी रक्कम विचारत नाही. आईबापाचं ऋण म्हणतो, तेव्हा मान खाली जात नाही. दुसरा शब्द 'पत'. पत म्हणजे बाजारात मिळणारी उधारी आणि पत म्हणजे माणसाची अब्रूही. पतपेढीच्या पाटीवर तोच शब्द आहे. इथे मात्र जपायला हवं. कारण पैशांची पत गेली, की माणसाची पत गेली असं लोक धरतात. आपल्याकडे बुरूज नाही. पण दारात उभा राहून शेजारणींना ऐकू जाईल असं बोलणारा वसुलीवाला असतो. दोन हप्ते चुकले म्हणून बैठकीला यायचं टाळणारी बाई असते. रस्त्याने जाताना पदर पुढे ओढून घेणारी असते. अशा वेळी मराठीत बोलत असूनही आपण शुल्डच म्हणत असतो. तिने पैसे घेतले होते. आपण तिला अपराधी केलं.

कर्ज फेडायलाच हवं, त्याशिवाय गट चालणार नाही, हे आम्हीही म्हणतो. पण कर्ज हा हिशेब आहे. तो वहीत मांडता येतो, हप्ते पाडता येतात, मुदत वाढवता येते. दोष वहीत मांडता येत नाही, तो माणसाच्या मनात जाऊन बसतो. आणि मनातल्या त्या ओझ्यापायी शेतकऱ्यांच्या किती घरांत काय घडलं, ते आपल्या गावांनी पाहिलं आहे.

जाता जाता एक शब्द आपलाही घ्या. 'थकणे'. हप्ता थकतो आणि बाईही थकते. क्रियापद तेच, अक्षरं तीच. जर्मनांसारखी आपल्यालाही इथे निवड करायची आहे, की ऐकायचा कुठला अर्थ? पुढच्या बैठकीत सचिव ताई थकबाकीची यादी वाचतील. तेव्हा हप्ता किती थकला ते जरूर विचारा. पण त्याच्या आधी, ती का थकली, तेही विचारा. घरात आजारपण आहे का? सोयाबीनचे पैसे अडकले आहेत का? नवरा दारूत उडवतो का? याचं उत्तर मिळालं, तर हप्त्याचं उत्तरही पुष्कळदा सापडतं.

आणि तुमच्या गावच्या बोलीत असे जुळे शब्द असतील, अक्षरं सारखी पण अर्थ दोन, तर ते जमवा. अहिराणीत असतील, मालवणीत असतील, वऱ्हाडीत असतील. म्हाताऱ्या आजींना विचारा, त्यांच्याकडे खजिना असतो. गटात वाचून दाखवा आणि आम्हालाही कळवा. पुढच्या भागात आपण ते मिळून ऐकू. नमस्कार.